सर्व करांसहित

माझे मिस्टर दुकानात गेले की पाकीट आधी उलटं करायचे. साबण असो, चहापत्ती असो, बिस्किटाचा पुडा असो, समोरची रंगीत बाजू त्यांनी कधी पाहिली नाही. मागच्या शिवणीजवळ बारीक अक्षरांत छापलेली किंमत शोधायची, चष्मा कपाळावर चढवून पाकीट डोळ्यांशी न्यायचं आणि मग खिशात हात घालायचा. मी शेजारी उभी असायचे. लग्नानंतरची बरीच वर्षं मला त्याचा संकोच वाटायचा. मी शाळेत शिकवत होते. अमरावतीच्या राजापेठेत कुठल्याही दुकानात गेलं तरी एखाद्या विद्यार्थ्याचे आईवडील भेटायचेच, आणि त्यांच्यासमोर हे गृहस्थ दुधाच्या पिशवीवरचे आकडे वाचत उभे.

दुकानदाराने थंड करण्याचे म्हणून रुपया-दोन रुपये जास्त मागितले की ते आवाज चढवत नसत. पाकीट त्याच्यासमोर ठेवून विचारायचे, "भाऊ, हे मी छापलं का तुमी छापलं?"

"कंपनीनं छापलं, साहेब."

"मंग कंपनीले विचारून सांगा, थंड दुधाचे वेगळे घ्या म्हनते का. मी थांबतो."

आणि ते खरोखर थांबायचे. मागे गिऱ्हाइकं जमायची. शेवटी दुकानदार हसून सुटे पैसे परत करायचा. हळूहळू आमच्या भागातले सगळे दुकानदार त्यांना ओळखू लागले. ते दिसले की आपणहून छापलेली किंमत सांगायचे.

भाजीवालीशी मात्र त्यांनी कधी घासाघीस केली नाही. तिने सांगितलं तेवढं द्यायचे. मी एकदा चिडून म्हटलं, "तिथं काहीच बोलत नाही तुमी. इथं मात्र एका रुपयासाठी रस्ता अडवता."

"तिच्या मेथीवर काई छापलं हाय का?" ते म्हणाले. "ते तिची मेथी, तिचा भाव. इथं छापेल हाय. छापेल असलं का मंग ते सगळ्याइले सारखं पायजे."

या 'सगळ्यांना सारखं' मागे काय होतं ते मला फार उशिरा कळलं, तेही तुकड्यातुकड्यांनी. त्यांचं गाव चांदूर रेल्वे तालुक्यातलं. वडील लवकर वारले होते. आई दुसऱ्यांच्या वावरात निंदायला, कापूस वेचायला जायची. आम्ही बौद्ध. त्यांच्या आजोबांनी नागपूरला जाऊन दीक्षा घेतली होती, घरात बाबासाहेबांचा फोटो होता, पण गावात दुकान एकच होतं आणि त्या दुकानाचा ओटा उंच होता. दुकानदार ओट्यावर बसायचा, आमची माणसं खाली उभी राहायची. सामान हातात मिळत नसे, वरून सोडलं जायचं आणि खाली झेलावं लागायचं. किंमतही तशीच, वरून यायची. लहानपणी एकदा त्यांच्यासमोर पाटलाघरच्या पोराने चहाचा पुडा नेला. तोच पुडा यांनी मागितला तर किंमत वेगळी. यांनी विचारलं, "कावून?" दुकानदार म्हणाला, "तुयासाठी हेच." घरी येऊन आईला सांगितलं, तर ती चुलीपुढून न उठता म्हणाली, "पुन्यांदा विचारू नको बाबू. दुकान एकच हाय."

पुढे ते शिकले, पाटबंधारे खात्यात लागले, अमरावतीला आले. पाकिटांवर तेव्हा किंमत असायची, पण तिच्यापुढे 'स्थानिक कर वेगळे' असंही लिहिलेलं असायचं. तो कर किती, हे दुकानदाराच्या तोंडावर. पुढे ते गेलं आणि 'सर्व करांसहित' आलं. तसं छापलेला साबण पहिल्यांदा हातात आला, तेव्हा आपण दुकानाबाहेर उभं राहून तो कितीदा तरी वाचला, असं त्यांनी मला सांगितलं होतं. "वाटलं, आता कोनी माहं तोंड पाहून किंमत सांगू शकत नाई." एवढंच म्हणाले आणि पेपर उघडून बसले. असल्या गोष्टी ते कधी दुसऱ्यांदा बोलत नसत.

निवृत्तीला थोडी वर्षं राहिली असताना त्यांचं पोट दुखू लागलं. आधी ॲसिडिटी म्हणून गोळ्या घेतल्या. मग कावीळ झाली, डोळे हळदीसारखे पिवळे पडले. परतवाड्याजवळच्या एका गावात कावीळ उतरवणारा माणूस आहे, असं कोणीतरी सांगितलं. ते गेले नाहीत. अमरावतीच्या डॉक्टरांनी सोनोग्राफी, मग सीटी स्कॅन करायला लावलं आणि मला एकटीला आत बोलावलं. स्वादुपिंडात गाठ होती. ऑपरेशन करणारे एक चांगले सर्जन अकोल्याला आहेत, असं त्यांनी सांगितलं. अकोल्याला माझी नणंद राहते. तिच्या घरून डबा येईल, राहायची सोय होईल, म्हणून आम्ही तिकडे गेलो. मुलगा पुण्याला नोकरीला. तो रजा टाकून आला, ऑपरेशन झालं तेव्हा होता, नंतर परत गेला.

त्या दवाखान्याच्या तळमजल्यावर, जिन्याखाली, एक छोटं दुकान होतं. काचेचा फ्रिज, त्यात दूध, पाणी, ताक, बाहेर बिस्किटं, मोठ्या माणसांचे डायपर, प्रोटीनची पावडर, स्ट्रॉ, साबण, कंगवे. पेशंटजवळ एकाच नातेवाइकाला थांबायची परवानगी होती. बाहेर पडायचं तर वॉचमनला पास दाखवा, परत येताना पुन्हा दाखवा. मुख्य रस्त्यावरची दुकानं तशी लांब. आणि वर आपलं माणूस नळ्या लावून पडलेलं असताना दूर जायला पाय उठत नाहीत. म्हणून सगळे तिथूनच घ्यायचे. प्रत्येक वस्तू छापलेल्या किमतीपेक्षा जास्तीला. पाण्याच्या बाटलीवर पाच रुपये, दुधावर चार. डायपरच्या पाकिटावर आणि पावडरच्या डब्यावर तर छापलेल्या आकड्यावर दुसरंच पांढरं लेबल चिकटवलेलं, वाढीव किमतीचं. बिल मागायचा प्रश्नच नव्हता. दुकानदार पस्तिशीतला, अंगाने बारीक, बोलायला गोड. "काकू, काकाजी कसे आहेत आज? जेवले काय?" असं तो रोज विचारायचा. त्याच्याकडे बघून जास्त पैशांबद्दल बोलणं जड जायचं. मी बोललेही नाही. पैसे द्यायचे आणि जिना चढायचा.

ऑपरेशननंतर ते थोडे सावरले. खुर्चीवर बसू लागले. डॉक्टरांनी दूध, प्रोटीन सुरू करा म्हटलं. मी पावडरचा डबा आणून उशाशी ठेवला. त्यांनी हात लांब करून तो उचलला. सवयीने डबा उलटा केला. चष्मा टेबलावर होता. तो मी दिला नाही. तरी त्यांनी डोळे बारीक करून लेबल पाहिलं, नखाने एक कोपरा उचकटला आणि खालचा आकडा वाचला.

"केवढ्याले देल्ला?"

"जेवढे आहेत तेवढ्याले."

"खालचे का वरचे?"

मी म्हटलं, "खालचे." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. इतक्या वर्षांच्या संसारात मला त्यांच्याशी खोटं बोलता आलं नव्हतं, ते त्या दिवशीही आलं नाही.

"कावून खोटं बोलून राहिली?" ते म्हणाले. रागाने नाही. थकलेल्या माणसाचा आवाज होता. "तुले लुटून राहिला तो."

"राहू द्या न आता. तुमी बरे व्हा आधी."

"तुलेच नाई. इथं सारे वरतून घाबरेल येतात. घाबरलेला मानूस किंमत पायत नाई." थोडा दम घेतला. "बरा झालो का खाली जाऊन पायतो त्याले."

मी दुधात पावडर ढवळली. ते दोन घोट प्यायले आणि मान फिरवली.

ते खाली गेलेच नाहीत. ताप आला, मग आत कुठेतरी पू झाला, पुन्हा आयसीयूत नेलं. तिथे मला दुपारी थोडा वेळ सोडायचे. शेवटच्या दिवशी सिस्टरने मला आपणहून आत घेतलं, तेव्हाच मी समजले. मी त्यांच्या तळपायावर हात ठेवून उभी राहिले, कारण त्यांच्या हातांवर सुया-नळ्यांमुळे कुठे जागाच नव्हती. मुलगा येता येता गाडीत होता. तो पोचायच्या आधी ते गेले. दुपारची वेळ होती, खिडकीबाहेर कोणीतरी गादी झटकत होतं, एवढं मला आठवतं. बाकी फारसं आठवत नाही. नणंदेने माझं सामान भरलं. अँब्युलन्समधून आम्ही मूर्तिजापूरवरून अमरावतीला आलो. वाटेत दोन्ही बाजूंना तूर पिवळी फुललेली होती. मुलगा माझा हात धरून बसला होता आणि मला राहून राहून वाटत होतं, याला भूक लागली असेल.

पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला. खात्यातले लोक आले, गावाकडची माणसं आली. भन्तेजींनी परित्राण पाठ केला. मग एकेक करून सगळे गेले. मुलगाही गेला. "आई, पुण्याला चल," असं तो रोज फोनवर म्हणायचा. मी "पाहू" म्हणायचे.

एका सकाळी मी कोपऱ्यावरच्या डेअरीत दुधाची पिशवी घ्यायला गेले. हा डेअरीवाला आमच्याशी चांगला. मातीलाही आला होता. मी पैसे पुढे केले तर तो म्हणाला, "मॅडम, दोन रुपये अजून."

"वाढले काय?"

"नाही, थंड करायचे. सगळ्यांकडून घेतो."

मी दिले. पिशवी घेऊन चार पावलं आले आणि माझे पाय थांबले. ते असताना या माणसाने आमच्याकडून कधी वरचा पैसा घेतला नव्हता. पिशवी तीच, फ्रिज तोच, छापलेला आकडा तोच. फक्त आता विचारणारा माणूस नव्हता. रस्त्यावर ट्यूशनच्या पोरापोरींच्या गाड्यांची गर्दी होती. त्या गर्दीत कडेला, एका बंद शटरसमोर मी उभी राहिले. ते गेले तेव्हा मला रडू नीट आलं नव्हतं. दवाखान्यात आलं नाही, मातीच्या वेळी आलं नाही. त्या दिवशी दुधाची पिशवी हातात धरून आलं. ओळखीची एक बाई थांबली, "काय झालं मॅडम?" मी म्हटलं, "काही नाही." सांगणार काय?

संध्याकाळी मी पुन्हा डेअरीत गेले. पिशवी उलटी करून त्याच्यासमोर ठेवली. आकड्यावर नुसतं बोट ठेवलं. डेअरीवाल्याने माझ्याकडे पाहिलं, मग मान खाली घालून दोन रुपयांचं नाणं काउंटरवर ठेवलं. "चुकलं मॅडम," तो म्हणाला.

घरी आल्यावर मात्र अकोल्याचं ते जिन्याखालचं दुकान डोळ्यांसमोरून हलेना. आत्ता या घटकेला तिथे कोणीतरी उभं असेल. वर कोणाचं तरी कोणीतरी असेल. ते बाटली घेईल, पैसे देईल आणि जिना चढेल, मी चढले तसं.

मी मुलाला फोन केला. म्हटलं, अकोल्याला जाऊन तक्रार करणार आहे. "आई, पाच रुपयांसाठी? बाबा गेले, आता काय फरक पडतो?" त्याला त्या इमारतीचं नावही नको होतं, हे मला समजत होतं. मी म्हटलं, "तुझ्या बाबांचं एक काम राहिलं आहे." मग तोच म्हणाला, "रोख देऊ नकोस. फोनवरून दे, म्हणजे किती दिले त्याची नोंद राहील. आणि बाटलीचा फोटो काढ." फोनवरून पैसे कसे द्यायचे ते त्यानेच मला सुट्टीत शिकवलं होतं.

मी एसटीने अकोल्याला गेले. नणंदेला सांगितलं नाही. ती अडवेल असं वाटलं. दवाखान्याच्या दारात आल्यावर फिनेलचा वास आला. वॉचमन बदललेला होता. दुकानदार तोच. त्याने मला पाहिलं आणि लगेच हातातलं काम ठेवलं.

"काकू? बऱ्याच दिवसांनी. काकाजी कसे आहेत?"

त्याला कोणी सांगितलंच नव्हतं. रोज वरून किती माणसं जातात, त्याला कसं कळणार? मी म्हटलं, "गेले ते."

तो काउंटरच्या बाहेर आला. स्वतःचं स्टूल पुसून माझ्यासमोर ठेवलं. "बसा काकू." फ्रिजमधून पाण्याची बाटली काढली, झाकण फोडून हातात दिली. मी पर्स उघडली तर म्हणाला, "राहू द्या. आज तुमच्याकडून पैसे नाही घेत."

मी पाणी प्यायले. आले होते तक्रारीचा पुरावा घ्यायला आणि त्याचंच पाणी पीत त्याच्याच स्टुलावर बसले होते. उठून परत जावं, असं मनात आलं. तेवढ्यात एक बाई जिन्यावरून उतरली. खेड्यातली, नऊवारी, डोक्यावरचा पदर घामाने चिकटलेला. दुधाची पिशवी मागितली. दुकानदाराने वरची किंमत सांगितली, सवयीने, माझ्यासमोर. बाईने कमरेची पिशवी सोडली आणि नाणी मोजायला लागली.

मी म्हटलं, "बाई, पिशवीवर कमी छापलं आहे. पाहिलं काय?"

तिने माझ्याकडे पाहिलं. माझं बोलणं तिला कुठून तरी लांबून ऐकू येत असावं, असं वाटलं. "पाहून काय करू वं माय," ती म्हणाली. "माही सून वर हाय. तिले रगत लागून राह्यलं." दूध घेऊन ती गेली.

दुकानदार काउंटरवरची धूळ पुसू लागला. धूळ नव्हती.

मी उठले. म्हटलं, "दादा, मी खोटं बोलणार नाही. मी वजनमाप ऑफिसात तुमची तक्रार द्यायला आले आहे. मला अजून एक बाटली द्या. सगळ्यांकडून घेता तेवढे पैसे घ्या."

त्याचा चेहरा उतरला. मग खालच्या आवाजात म्हणाला, "काकू, मी तुमच्याशी काही वाकडं बोललो काय कधी?"

"नाही. कधीच नाही."

"मंग?"

मी म्हटलं, "माझे मिस्टर वर होते तेव्हा म्हणाले, घाबरलेला माणूस किंमत पाहत नाही. तुमच्या दुकानात सगळे घाबरलेलेच येतात."

तो स्टुलावर बसला. "गाळ्याचं भाडं किती आहे मालूम आहे काय तुमाले? दवाखान्याच्या मालकाचा माणूस पहिल्या तारखेला उभा राहतो. लाइटबिल वेगळं. छापेल किमतीत विकलं तर घरी काय नेऊ?"

"मग मालकाशी बोला. भाडं जास्त आहे म्हणा."

"त्याइच्याशी बोललो तर दुकान राहीन काय?"

त्याचं खरंच होतं. वरच्याशी बोलता येत नाही म्हणून तो खालच्याकडून घेत होता, आणि ते खालचे कुठे बोलणार होते? त्याने बाटली काढली, माझ्यासमोर ठेवली आणि छापलेलीच किंमत सांगितली. तेवढेच पैसे मी फोनवरून दिले. पुरावा काहीच राहिला नाही.

तरी मी वजनमाप ऑफिसात गेले. त्याचं सरकारी नाव वैधमापन, पण रिक्षावाल्याला वजनमापच सांगावं लागतं. तिथे एक तरुण बाई अधिकारी होत्या. त्यांनी मला बसवून घेतलं. मी घडलं ते सगळं सांगितलं, त्याने मला फुकट पाणी पाजलं तेही सांगितलं.

"छापलेल्या किमतीपेक्षा जास्त कोणालाच घेता येत नाही," त्या म्हणाल्या. "थंड करायचेही नाही. आणि वर लेबल लावून किंमत वाढवणं तर त्याहून वाईट. पण तुमच्याजवळ बिल नाही."

"देत नाहीत ते."

"कोणीच देत नाही. आम्ही आमचा माणूस गिऱ्हाईक म्हणून पाठवू." मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "तुमचे मिस्टर त्याच दवाखान्यात होते का?"

मी हो म्हटलं. त्यांनी सांगितलं तसा अर्ज मी लिहिला. वर्गातल्या फळ्यावरचं माझं अक्षर सुंदर म्हणतात, त्या दिवशी ते ओळीवर राहत नव्हतं.

काही आठवड्यांनी त्या अधिकारी बाईंचा फोन आला. माणूस पाठवला होता. त्याच्याकडून पाण्याचे जास्त घेतले, लेबल लावलेली पाकिटं सापडली, केस केली, दंड झाला. दुकानात दर्शनी जागी फलक लावायला लावला आहे, छापील किमतीपेक्षा जास्त देऊ नये म्हणून. "तुमच्यामुळे झालं," त्या म्हणाल्या. मी आभार मानले.

फोन ठेवला आणि सवयीने आतल्या खोलीकडे वळले, सांगायला. खोलीत त्यांची खुर्ची होती, खुंटीवर शर्ट होता. मी दारात उभी राहून हळूच म्हटलं, "झालं बरं का." मग स्वयंपाकघरात येऊन कुकर लावला.

पुढची गोष्ट नणंदेने सांगितली. ती दवाखान्यात कोणाला तरी बघायला गेली होती. "फलक लागला वं वहिनी, मोठ्ठा. आता छापेल किमतीतच देतात. पण तो पोरगा नाई आता तिथं. मालकानं गाळा काढून घेतला म्हनतात, आपल्या दवाखान्याचं नाव खराब केलं म्हणून. दुसऱ्याले देला."

मी विचारलं, "भाडं कमी केलं काय नव्याचं?"

"ते मले काय मालूम?" ती म्हणाली. "पन केलं असंन, नाई तर त्याले कसं परवडंन?"

त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. भाडं घेणारा जागच्या जागी होता. ज्याने स्टूल पुसून दिलं, तो गेला होता. मी तक्रार केली ते चूक होतं, असं मला तेव्हाही वाटलं नाही, आजही वाटत नाही. जिन्यावरून उतरणाऱ्या त्या बाईसारख्यांना आता कमी पैसे लागत असतील. पण बरोबर गोष्ट केल्यावर माणसाला बरं वाटायला हवं ना? मला वाटत नव्हतं. ते असते तर काय म्हणाले असते, याचा मी पुष्कळ विचार केला. ते मला कधीच भावनेचं उत्तर देत नसत. कदाचित म्हणाले असते, मालकाची पण तक्रार करायची होती. पण भाड्यावर काही छापलेलं नसतं.

नणंदेच्या मिस्टरांनी कुठून तरी त्या दुकानदाराचा नंबर मिळवून दिला. तो आता परतवाड्याला मेव्हण्याच्या किराणा दुकानात बसतो, असं कळलं. नंबर बरेच दिवस फोनमध्ये पडून होता. एका दुपारी शाळेतून आल्यावर मी लावला.

"कोन बोलते?"

मी सांगितलं. तो फोन ठेवेल असं मला वाटलं.

"बोला काकू," तो म्हणाला.

"तुमचं दुकान गेलं, असं कळलं मला."

"हो. गेलं."

"माझ्यामुळे."

"जानारच होतं ते काकू. भाडं अजून वाढवून राहिले होते. आज नाही तर उद्या." हे खरं होतं की मला बरं वाटावं म्हणून तो म्हणत होता, ते आवाजावरून समजेना. मी विचारलं, घरी कोण कोण आहे. बायको आहे म्हणाला, दोन मुली आहेत, इकडच्या शाळेत नाव टाकलं आहे. मेळघाटातून बाजाराला येणारी माणसं दिवसभर असतात, धंदा बरा आहे, पण दुकान आपलं नाही.

मग त्याने विचारलं, "तुमी कशा आहात? एकट्याच राहता काय?"

हा प्रश्न मला कितीतरी लोकांनी विचारला होता, आणि मी सगळ्यांना "बरी आहे" असं सांगत आले होते. त्याला मला ते सांगता आलं नाही. फोनमधून रस्त्यावरच्या जीपचे हॉर्न ऐकू येत होते, कंडक्टर गावांची नावं ओरडत होता.

"थांबा काकू," तो म्हणाला, "गिऱ्हाईक आलं."

त्याने फोन काउंटरवर ठेवला असावा. पुडी बांधल्याचा आवाज आला, कोणीतरी काहीतरी मागितलं, आणि त्याने किंमत सांगितली. कशाची होती ते मला ऐकू आलं नाही. छापलेली होती की नाही, हे इथून कळायला मार्ग नव्हता. मी फोन कानाशी धरून तो परत येण्याची वाट पाहत राहिले.